कराडची गोळी

"किती उरल्यात?" बाबर सरांनी विचारलं.

भानुदासने सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटंसुलटं करून बघितलं. "सहा."

"सहा शिल्लक! लिहा शेटे. नाव, तारीख, शिल्लक सहा."

मी लिहिलं. अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळामागे आमच्या मंडळाची पत्र्याची शेड होती. तिच्या खांबाला एक खिळा, आणि त्या खिळ्याला तारेत ओवलेली अकरा पाकिटं. कुणाची रक्तदाबाची, कुणाची साखरेची, दोन पित्ताची. वारा आला की खुळखुळायची. भानुदासचं बारावं. सरांनी ते तारेत ओवलं, शिट्टी फुंकली आणि सव्वीस माणसं एका दमात ओरडली, "गोळी खाली, गडी वर!"

मग नारळ फुटला. मग शाल. भानुदास पिसे, वय सेहेचाळीस, धंदा शिवणकाम, शाल अंगावर घेऊन उभा राहिला तो नवऱ्या मुलासारखा लाजत. दोन वर्षांत त्याचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तेव्हा आमचं 'पहाटचढ मंडळ' जोरात होतं. बाबर सर निवृत्त ड्रिल मास्तर. रोज साडेपाचला पायथ्याशी हजर, गळ्यात शिट्टी. चिटणीस मी, दिगंबर शेटे, औषधांचा दुकानदार. गड चढून औषधं सोडणाऱ्यांचा चिटणीस औषधवाला, यावर गावात पुष्कळ विनोद झाले होते, त्यातले निम्मे माझेच. मंडळात माणसं सव्वीस, आजार चौतीस. कोण किती गोळ्या घेतो म्हणून सांगतो हे वहीत, आणि खरोखर किती घेतो हे माझ्या डोक्यात. दोन्हींचा मेळ कधी बसायचा नाही. खिळ्याला पाकीट लटकवलेल्या अकरांपैकी चौघे महिन्याभरात दुकानाच्या मागच्या दाराने आले होते. मी त्यांना गोळ्या दिल्या, वर एकेक टोमणा मोफत दिला, आणि वहीत काही खोडलं नाही.

पण भानुदासची गोळी त्या जातीची नव्हती.

"भान्या," वही मिटता मिटता मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारलंस ना?"

भानुदासने उत्तर द्यायच्या आधी सरांकडे पाहिलं.

"बघा, बघा!" सर म्हणाले. "मंडळी, शेट्यांच्या पोटात दुखायला लागलं. गिऱ्हाईक चाललं ना हातचं!"

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो. "मग काय सर, लेकरंबाळं आहेत मला. निदान खोकल्याचं औषध तरी चालू ठेवा म्हणावं." पुन्हा हशा. मग टाळ्या. मीही वाजवल्या.

भानुदासचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मध्ये एका विटेची भिंत. त्याचं मशीन चालू असलं की माझ्या फळीवरच्या बाटल्या हलकेच थरथरायच्या, आणि त्या थरथरण्यावरून आज पँट चालली आहे की सदरा हे मी गिऱ्हाइकाला सांगून दाखवायचो. त्या शालीच्या दोन वर्षं आधी, ऐन दिवाळीच्या तोंडावर बाटल्या थरथरायच्या थांबल्या. मी डोकावलो, तर भानुदास मशीनसमोर बसलेला, पाय पायडलवर, आणि पाय हलत नाहीत. चौदा पँटी आणि नऊ सदरे बेतून ठेवलेले, शिवलेला एकही नाही. गिऱ्हाईकं आली, ओरडली आणि आपापले कापलेले तुकडे पिशवीत घालून घेऊन गेली. त्यांचंही वाईट झालं. एकाने बेतलेलं कापड दुसरा शिंपी हातात धरत नाही.

झोप नाही, भूक नाही, छातीत सारखी धडधड. भुताखेताचं, नजरेचं सगळं करून झाल्यावर त्याच्या बायकोने, शालनवहिनींनी, त्याला डॉक्टरकडे नेलं. रोज एक गोळी लागली. सहा आठवड्यांनी भिंतीपलीकडून एक शिवण ऐकू आली, थांबली, मग पुन्हा आली. आणखी दोन महिन्यांनी मी त्याला ओढून गडावर नेलं. पहिल्या वळणावरच बसला. सहा महिन्यांत मात्र माझ्या पुढे चढायला लागला, भाकरी दोन जास्त खायला लागला, रस्त्यातल्या माणसाला हाक मारायला लागला. गोळीने तो उठून बसला आणि गडाने तो चालता झाला, असं मी म्हणेन. पण गोळी घरात, कपाटाआड, पाण्याच्या घोटाबरोबर. तिला साक्षीदार नाही. चढण रोज सव्वीस माणसांच्या देखत. तेव्हा श्रेय कुणाकडे जाणार हे उघड होतं. "बघ भानुदास, गडाने तुला माणसात आणलं," सर म्हणायचे, आणि ते अगदी मनापासून म्हणायचे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: ती गोळी अजून कशाला?

रविवारी पाकीट लटकलं. गुरुवारी भानुदास वाटेत दोनदा थांबला.

"काय रे?"

"काही नाही. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतंय. चर्रकन."

ते काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. अशी गोळी एकदम बंद केली की असं होतं. मी म्हटलं, "वायर सैल झाली असेल. वायरमनला दाखव." तो हसला, मी हसलो.

सरांनी त्याला उपाय दिला. सूर्यनमस्कार पन्नासचे एकशेआठ. गड सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. भानुदासने एकही चुकवला नाही. माझी वही सांगते की त्या महिन्यात मंडळात सर्वांत जास्त हजेरी त्याची. आणि माझ्या बाटल्या सांगत होत्या की मशीन दिवसातून तासभर चालतंय, मग अर्धा तास, मग नुसतं सुरू होऊन थांबतंय.

तिसऱ्या आठवड्यात शालनवहिनी दुकानात आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पदराआडून मोकळ्या गोळ्यांची डबी काढली.

"भाऊजी, ह्याच्यात द्या. पाकीट नको."

"वहिनी, तो घेतोय का परत?"

"घेतोय कुठला! मी आमटीत कुस्करून घालणार. कळायचं नाही त्यांना. कडू असते का हो?"

"असं नका करू."

"मग काय करू? रात्रभर माणूस छताकडं बघत पडतो. काल सुई ओवता येईना तर रडले, भाऊजी. सुई! तीस वर्षं ओवतात. म्हटलं, घ्या ती गोळी. तर म्हणाले, शाल घेतलीय मी अंगावर, सव्वीस माणसांसमोर. आता कुठल्या तोंडानं घेऊ? डॉक्टरला तरी काय तोंड दाखवू?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात."

"सांगतो," मी म्हटलं.

डबी मी भरली नाही. पण सांगितलंही नाही. तीन दिवस गेले. रोज सकाळी ठरवायचो, पहिल्या वळणावर बोलू, मग दुसऱ्या वळणावर, आणि तोवर कुणीतरी काहीतरी विनोद करायचं, बहुधा मीच.

चौथ्या दिवशी भानुदास शेडपर्यंत आलाच नाही. हजेरी घेताना कुणी म्हणालं, पुढे गेलाय, मघाशी दिसला. कुणी म्हणालं, त्याची ही आजची दुसरी चढण आहे. मी वही शेजारच्याच्या हातात दिली आणि दक्षिणेच्या अंगाला गेलो. तिकडे आम्ही सहसा जात नसू. तटावर भानुदास बसला होता, पाय बाहेर सोडून. खाली बरंच खोल आहे तिथे.

मी धावलो नाही. तेवढी अक्कल होती. सावकाश जाऊन त्याच्यापासून दोन हातांवर बसलो, माझे पाय आतल्या बाजूला.

"इकडं कुठं, भान्या?"

"बसलोय." मग म्हणाला, "तू वही ठेवतोस. सांग मला. अजून किती लागतील?"

"काय किती?"

"चढण्या. नमस्कार. माणसात यायला. सर म्हणतात एकशेआठ, घातले. म्हणतात दोनदा चढ, चढलो. आज तिसऱ्यांदा चढेन. पाय दगड झालेत बघ. आणि डोकं आहे तिथंच आहे. म्हणजे कमी पडतोय मी. बाकी सगळ्यांचं झालं की. अकरा जणांचं झालं."

त्या अकरांपैकी चौघांचं काय झालं हे मला माहीत होतं.

"घरी बसलो की मला माझीच भीती वाटते, दिगू. म्हणून चढतो. वर आलं की इथं येऊन बसावंसं वाटतं. आणि इथं बसलं की..." त्याने खाली पाहिलं फक्त.

मी म्हटलं, "भान्या, मीपण घेतो."

"काय?"

"तीच गोळी. नऊ वर्षं झाली. रोज."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. असा दमलेला चेहरा मी कुणाचा बघितला नाही. "दिगू," तो म्हणाला, "आत्ता तरी थट्टा नको रे."

"थट्टा नाही. आईशपथ."

"तू शिमग्याला आईची शपथ घेऊन सांगितलंस की चार दिवस पाणी येणार नाही. सगळ्या गल्लीनं बादल्या, घमेली, पोरांच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवल्या."

खरं होतं ते. चाळीस वर्षं मी लोकांना हसवलं, चिमटे काढले, आणि ज्या एका दिवशी माझ्या खऱ्या शब्दाची कुणाला गरज होती त्या दिवशी तो शब्द चालेना.

"दाखवतो मग तुला," मी म्हटलं. "नऊच्या गाडीने कराडला चल."

"कराडला? तुझं दुकान तर इथं आहे."

"म्हणूनच कराडला. चल. पाय आत घे आधी."

त्याने लगेच घेतले नाहीत. मी हात लावला नाही. मग त्याने एक पाय आत घेतला. आणि मग दुसरा.

कराडला स्टँडपासून दोन चौक पुढे एक छोटं औषधांचं दुकान आहे. मी पायरी चढलो न चढलो तोच दुकानदार हसून म्हणाला, "या मास्तर! दोन महिन्यांच्याच ना?" आणि मी काही बोलायच्या आत त्याने डाव्या हाताच्या कप्प्यातून सहा पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. भानुदासने एक उचललं, नाव वाचलं. खिळ्याला लटकवलेलं पाकीट आणि हे, एकच.

"रात्री जेवणानंतर बरं का मास्तर," दुकानदार नेहमीसारखं म्हणाला. "आणि मनानं बंद करायची नाही." नऊ वर्षं तो भला माणूस मला गोळी कशी घ्यायची ते समजावत होता आणि मी मान डोलवत होतो.

बाहेर आल्यावर भानुदास म्हणाला, "मास्तर?"

"शाळामास्तर आहे असं सांगितलंय मी."

"तुझ्या दुकानात हा कप्पा भरलेला असतो की."

"माझ्या दुकानात पोरगा कामाला आहे, बायको हिशेबाला बसते. कमी झालेली पाकिटं कुणाच्या नावावर टाकू? डॉक्टर पण इथल्याच, इनामदार बाई. घरी सांगतो, होलसेलवाल्याकडे चाललोय."

तो फुटपाथवरच उभा राहिला. मनात काहीतरी जुळवत होता. "नऊ वर्षं म्हणजे... तुला कावीळ झाली होती तेव्हा?"

"कावीळ नव्हती."

"दीड महिना तू दुकान उघडलं नव्हतंस."

"शटर वर करायचं बळ नव्हतं. काही झालं नव्हतं रे, कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. एक दिवस उठलो आणि उठवेना. लोकांना काय सांगणार? कावीळ सांगितली."

"मी तुला दीड महिना रोज उसाचा रस आणून दिला." त्याचा आवाज चढला. "रोज! बर्फ न घालता, स्वतः चरक धुऊन घ्यायला लावून. कावीळ म्हणून!"

"आणलास."

"प्यालास तू तो."

"प्यालो."

रस्त्यावरचे दोघे-तिघे बघायला लागले. मला वाटलं तो हसेल. मी तर हसायच्या तयारीतच होतो. पण तो म्हणाला, "मग त्या रविवारी टाळ्या का वाजवल्यास?"

आजवर मी याची बरीच उत्तरं करून पाहिली आहेत, एकही पुरं पडत नाही. मी म्हटलं, "बाईंचा दवाखाना समोरच आहे," आणि तो माझ्या पुढे रस्ता ओलांडून गेला.

इनामदार बाईंनी त्याला पाऊण तास आत ठेवलं. मग मला बोलावलं. "तुमच्या मित्राला मी गोळी परत सुरू केली आहे," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस ह्यांना एकटं सोडायचं नाही. पत्नीला फोन करा, मी बोलते. आणि ते विचारतायत, गड सोडू का म्हणून."

"सोडायचा का?" भानुदासने विचारलं.

"अहो, कशाला सोडता? चांगलंच आहे ते. पण एकदाच चढा, तीनदा नको. ह्या दोघांचं भांडण कुणी लावलं? कुणाला नुसत्या चालण्याने भागतं, कुणाला नाही भागत, कुणाला दोन्ही लागतं. तुम्हाला सध्या दोन्ही लागतंय. सोडायची वेळ आली की मी सांगेन. हळूहळू कमी करू. नारळ मग आपण इथे फोडू." म्हणजे भानुदासने त्यांना सगळं सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि वाटेत कुठेतरी त्याला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. रागावलेला होता, पण दमलेला त्याहून जास्त होता.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी शालनवहिनी त्याला पायथ्यापर्यंत सोडून गेल्या. सगळे शेडमध्ये जमले, सरांनी शिट्टी तोंडाला लावली, तेव्हा मी उठलो.

"सर, एक मिनिट. मला सांगायचंय. मी मनाच्या आजाराची गोळी घेतो. नऊ वर्षं. गडही चढतो, गोळीही घेतो. भानुदासने सोडली त्या दिवशी हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

आणि मंडळी हसली. अगदी पोट धरून. कुणी म्हणालं, "शेटे, आता गोळ्या खपवायला ही युक्ती काय!" कुणी म्हणालं, "याला मन कुठलं, याला नुसती जीभ!" विनोद म्हणून वाईट नव्हतं ते. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीच म्हटलं असतं.

"हसू नका," भानुदास म्हणाला. मोठ्याने नाही. "मी कराडला जाऊन बघून आलोय. आणि मीपण परत सुरू केलीय. त्याआधी मी तिकडं तटावर बसलो होतो. पाय बाहेर सोडून."

हशा तिथेच थांबला. बाबर सरांनी शिट्टी गळ्यातून काढली. माझ्याकडे बघत म्हणाले, "शेटे, मी अडाणी ड्रिल मास्तर. मला काय कळतं त्यातलं? तुम्हाला कळत होतं. एका शब्दानं मला सांगायचं होतंत." त्यांनी भानुदासकडे पाहिलं. "मी त्याला शाल घातली हो."

उतरताना मी मुद्दाम मागे राहिलो. पहिल्या वळणावर पोस्टातल्या कुलकर्णी बाई थांबल्या होत्या. आजूबाजूला बघून म्हणाल्या, कराडचे ते तुमचे डॉक्टर कुठल्या वारी असतात? दुसऱ्या वळणावर आमच्यातला सर्वांत तगडा गडी, तालमीतला शंकर मोहिते, बुटाची नाडी बांधत बसला होता. बराच वेळ बांधत होता. शेवटी त्यानेही तेच विचारलं, भावासाठी म्हणून. थोडं खाली बाबर सर. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मी पत्ता लिहून दिला. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

शेवटच्या वळणावर भानुदास उभा होता. त्याने खालून सगळं पाहिलं असणार.

"तीन," तो म्हणाला.

"तीन."

"एका सकाळीत तीन." तो चालायला लागला, मग थांबला. मागे न वळता म्हणाला, "आणि मी दोन वर्षं समजत होतो, सगळ्या साताऱ्यात मी एकटाच आहे म्हणून."

तो उतरू लागला. मी त्याच्या मागून गेलो. त्या दिवशी त्याला गाठायची घाई मी केली नाही.